गिरणीत ऐकलेला तिसरा अल्बम

मी खोटं एकदाच बोलले. तसं गिरणीवर बसणाऱ्या बाईला दिवसातनं दहा वेळा "झालंच बघा, आता तुमचाच डबा लावते" म्हणावं लागतं, ते मी धरत नाही. ठरवून, डोळ्यांत डोळे घालून बोललेलं खोटं एकच. धाकट्या भावाशी बोलले, आणि त्या एका खोट्यानं पुढची दोन वर्षं माझा पार पिट्ट्या पाडला.

भाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशीनवर आहे. पहिल्या पाळीला असला की चारच्या सुमाराला घरी येतो. आणि एका बँडमध्ये गातो. बँड म्हटलं की लोकांना वरातीतला वाटतो, लाल कोट आणि पितळी वाजंत्री. आमच्या आईनंसुद्धा पहिल्यांदा "सुपारी कुठल्या गावची हाय?" असंच विचारलं होतं. तसला नव्हे. ह्यांचं ते मेटलकोअर. जाडजूड गिटारी, ड्रमवाला दोन्ही पायांनी धडाधडा वाजवणार, गाणारा बेंबीच्या देठापासून ओरडणार, मध्येच सूर धरून चार ओळी गाणार, आणि मग सगळे एकदम आवरून घेऊन हळू, जड, एकेक ठोका टाकत जाणार. त्या जागेला समोरची पोरं एकमेकांच्या अंगावर आदळतात. मी पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा मला वाटलं मारामारी लागली. मी चप्पल काढून हातात घेतली होती.

आमची पिठाची गिरणी कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. वडिलांची. मी लग्न करून गेले, जमलं नाही, परत आले, आणि वडील थकले तशी गिरणी माझ्याकडे आली. त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली. गिरणीवर इतकी वर्षं काढली की दोन गोष्टी होतात. एक, आवाज चढतो. मी कुणाला "चहा घ्या" म्हटलं तरी समोरच्याला वाटतं बाई भांडायला आली. दुसरं म्हणजे कान तयार होतो. गहू दमट आहे का, ज्वारीत खडा गेला का, हे मला न बघता कळतं. वरचं धान्य संपलं आणि दगडावर नुसता दगड फिरायला लागला की आवाज वाढतो, पण पोकळ होतो. त्याच्यात दाणा नसतो. तो आवाज कानावर आला की मी हातातला चहा टाकून बटणाकडं पळते.

भावाचा आवाज ह्या गिरणीनंच घडवला. तो शाळेत होता तेव्हा आई त्याला मला जेवायला बोलवायला पाठवायची. गिरणी चालू असताना साध्या हाकेचं काही चालत नाही. नुसता घसा ताणला तर दोन दिवसांत बसतो, आवाज पोटातनं काढावा लागतो. पोरानं तो काढला. "आक्काऽऽ, जेवायला चल कीऽऽ!" अशी आरोळी आली की डबे घेऊन बसलेल्या बायका दचकून उठायच्या. कॉलेजात गेल्यावर कुणीतरी त्याला मोबाईलवर ही असली गाणी ऐकवली. तसाच पळत माझ्याकडं आला आणि म्हणाला, "आक्का, ह्यात माणसं माझ्यासारखीच वरडत्यात की गं! आणि लोकं टाळ्या वाजवत्यात!" तिथनं जो नाद लागला तो लागला.

सुरुवातीला ते एकाच्या घरी वाजवायचे, तिथनं शेजाऱ्यांनी हाकलून लावलं. मग गिरणीच्या मागची पोत्यांची खोली मी रिकामी करून दिली. अट एकच, गिरणी चालू असेल तेवढ्याच वेळात वाजवायचं. गिरणीच्या घरघरीत त्यांचा दंगा खपून जायचा. दळणाच्या बायकांना वाटायचं माझ्या मोटरचं काहीतरी बिनसलंय. "एकदा दाखव गं कुणालातरी," म्हणायच्या. ड्रमवाला मागच्या गल्लीतला, त्याच्या वडिलांचं वेल्डिंगचं दुकान आहे. ईदचा शिरखुर्मा आमच्या घरी पोचल्याशिवाय त्याची आई स्वतः तोंडात घालत नाही, इतका घरोबा. तोही मला आक्काच म्हणतो.

पहिला अल्बम त्यांनी त्या खोलीत केला. झाला त्या सोमवारी भाऊ स्पीकर घेऊन गिरणीत आला. सोमवारी गिरणी बंद असते आणि त्या दिवशी मी दगडाला टाकी लावते. म्हणजे दळून दळून दगड गुळगुळीत झाला की छिन्नी-हातोडीनं त्याला परत खडबडीत करायचं. किचकट काम आहे, बसून तीन-चार तास जातात. त्यानं दगडाशेजारी पोत्यावर स्पीकर ठेवला आणि म्हणाला, "ऐक." मी छिन्नी चालवत ऐकलं. गाणी त्यांची त्यांनी लिहिलेली, आपल्याच बोलीत. रात्रपाळीवर एक होतं, कंपनीच्या बसवर एक होतं. संपल्यावर म्हणाला, "कसं वाटलं?" मी म्हणाले, "तिसरं काढून टाक, ते दुसऱ्या कुणाचं तरी उचलल्यासारखं हाय. आणि शेवटच्यात तू काय बोलतोयस ते ब्रह्मदेवाला बी कळायचं न्हाय."

चार दिवस बोलला नाही माझ्याशी. पाचव्या दिवशी तिसरं गाणं निघालेलं होतं आणि शेवटचं परत गायलेलं होतं. अल्बम आला आणि पोरांनी डोक्यावर घेतला. सांगलीहून, बेळगावहून पोरं यायची आणि गिरणीच्या दारात उभं राहून "ताई, ते इथंच वाजवतात का?" म्हणून विचारायची. तेव्हापासून त्यांचा शिरस्ताच पडून गेला. आक्कानं ऐकून नावं ठेवल्याशिवाय गाणं बाहेर सोडायचं नाही. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही, कुठली तार आणि कुठला सूर. पण आत दाणा आहे का नाही, एवढं कळतं. आणि त्यांनाही माझ्याकडनं तेवढंच पाहिजे होतं.

मग त्याचा घसा गेला. आधी नुसता बसायचा, मग बसला तो उठेना. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, स्वरतंतूवर गाठ होती. साधीच निघाली, पण काढावी लागली. पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही आणि ओरडायचं तर सहा महिने नाव काढायचं नाही, असं बजावलं. त्याच्यानंतर जमेल का, म्हणून मी विचारलं. "बघू," म्हणाले. डॉक्टरांच्या ह्या 'बघू'चा मला असा संताप येतो म्हणून सांगू!

ते पंधरा दिवस तो पाटी घेऊन हिंडायचा. इतक्या मोठ्या तोंडाचं पोरगं एकदम गप्प झालेलं बघून पेठेत बातमी पसरली की ह्यानं मौन धरलंय, कसलंतरी व्रत आहे. एक मावशी नारळ घेऊन आल्या, ह्याच्या पाया पडल्या आणि पोराला नोकरी कधी लागेल म्हणून विचारलं. ह्या गधड्यानं पाटीवर 'लवकरच' लिहून दिलं. आणि पोराला लागली की नोकरी! त्या मावशी अजून ह्याला रस्त्यात बघितलं की पदर सावरतात. हसायला मिळालं ते एवढंच. बाकी घर कसं झालं होतं काय सांगू. ज्या पोराला मी जन्मभर "आरं हळू बोल की!" म्हणून दटावलं, तो जेवताना आमटी पाहिजे म्हणून बोटानं खुणावायचा. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडायचे.

वर्षभरानं त्यांनी दुसरा अल्बम केला, पुण्याला जाऊन, चांगल्या स्टुडिओत. सोमवारी भाऊ नेहमीसारखा गिरणीत आला आणि स्पीकर लावून बसला. पहिल्याच गाण्यात माझ्या लक्षात आलं. सगळीकडनं नुसतं घुमत होतं, कीबोर्ड काय, मागं आणखी कसले कसले आवाज काय, आणि त्या सगळ्याच्या मध्ये माझा भाऊ, परक्या घरात पाय पुसून आल्यासारखा, जपून गात होता. ओरडायच्या जागी कुजबुजत होता. घशाला घाबरला होता तो. दगडावर दगड फिरत होता, मध्ये दाणा नव्हता. मी छिन्नी खाली ठेवून त्याच्याकडं बघितलं. त्याचा हात गळ्याशी होता, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. मला वाटलं, अगं बाई, पोरगं बोलतंय, गातंय, समोर बसलंय, आणखी काय पाहिजे तुला?

"छान झालंय," मी म्हणाले.

"खरं?"

"खरं. छान."

आमच्या घरात 'छान' हा शब्द पाव्हण्यांच्या पोरीनं केलेल्या पोह्यांना वापरतात. तेवढ्यावरनं त्यानं ओळखायला पाहिजे होतं. पण त्यालाही तेच ऐकायचं होतं. त्यानं तिथल्या तिथं फोन करून बाकीच्यांना सांगितलं, आक्का पास म्हणाली. आणि माझ्या शब्दावर त्यांनी ते बाहेर सोडलं.

पहिले दोन दिवस पोरांनी प्रेमानं लिहिलं, 'भावा, तू परत आलास हेच लई झालं.' मग आठवडाभरात खरं बाहेर यायला लागलं. एकानं लिहिलं, 'तांबडा रस्सा मागितला आणि कोमट दूध दिलंस.' कोल्हापूरची माणसं, तोंडावर बोलणार. भाऊ मात्र म्हणायचा, त्यास्नी कळलं न्हाय, आक्काला आवडलंय. असं म्हणाला की मी उठून भांडी घासायला लागायचे.

पुढं जे झालं ते गिरणीवाल्यांच्याच घरी होऊ जाणे. दुसरी माणसं पाठीमागचं बोलतात ती कानाशी लागून, हळू. आम्हाला तशी सोयच नाही. पाठीमागचंसुद्धा आम्ही ओरडून बोलतो. त्या दिवशी दुपारनंतरची गर्दी होती, गिरणी जोरात चालू, आणि समोरच्या वाड्यातल्या काकू डबा खाली ठेवत ओरडल्या, "तुझ्या भावाचं नवीन कसं झालंय गंऽ?" मी गिरणीच्या वरताण आवाज काढून सांगायला लागले, "कसलं काय काकू! पाणी घातलेलं ताक! जीव न्हाय, जोर न्हाय, त्याला तोंडावर छान म्हणाले, पण मला तर अज्जिबात..."

आणि लाइट गेली.

मोटर पडली, पट्टा फटफटत थांबला, सगळं चिडीचूप. आणि मला काही थांबता येईना. "...आवडलेलं न्हाय!" ही माझी बोंब त्या शांततेत अशी काही घुमली की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं भुंकलं. काकूंनी तोंडाला पदर लावला. दारात भाऊ उभा होता, पहिल्या पाळीवरनं आलेला, हातात जेवणाचा रिकामा डबा.

"लाइट गेली व्हय?" एवढंच म्हणाला आणि आत निघून गेला.

मी मागोमाग गेले. "आरं ऐक तरी," म्हणाले. तो बूट काढत म्हणाला, "बरोबर हाय की आक्का तुझं. सगळीच म्हणत्यात." भांडला असता तर मी भांडले असते. भांडून मोकळं व्हायची आम्हा दोघांना सवय आहे. पण तो भांडलाच नाही. तिथनं पुढं दोन वर्षं तो माझ्याशी नीट वागला. "व्हय आक्का." "बरं आक्का." "असू दे आक्का, मी घेतो." सासरच्या माणसांशी बोलावं तसं. असा संताप यायचा, वाटायचं एक डबा उचलून घालावा ह्याच्या डोक्यात.

बँडही गिरणीतनं गेला. "तुला पोत्याला जागा पाहिजे," म्हणाला. मला नको होती जागा. गिटारवाल्याच्या पाव्हण्यांची मलकापूरच्या बाजूला पोल्ट्री आहे. कोंबड्या विकून झाल्या की दुसरी पिल्लं येईपर्यंत शेड रिकामं असतं, तेवढ्या दिवसांत हे तिथं जाऊन वाजवायचे. आला की अंगाला वास यायचा, त्यावरनं मला कळायचं आज सराव झालाय. सांगायचा नाही काही.

घशाचं मात्र तो चिकाटीनं करत होता. डॉक्टरांनी आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईंकडं पाठवलं होतं. रोज सकाळी पेल्यात पाणी घेऊन, त्यात नळी बुडवून "हूऽऽ" करत बुडबुडे काढायचा, अर्धा अर्धा तास. आई देवाकडं बघून हात जोडायची. मी भाकरी थापत कान देऊन असायचे. महिन्यामहिन्यानं त्या बुडबुड्यांमागचा आवाज भरत चालला होता. मला कळत होतं, पण बोलणार कुठल्या तोंडानं?

यंदा उन्हाळ्यात एक दिवस ड्रमवाला ज्वारीचा डबा घेऊन आला. डबा ठेवला आणि हलेना. मी म्हणाले, "काय रं, दळून झाल्यावर नेतोस का हितंच झोपतोस?"

"आक्का, अल्बम हुन दोन म्हैने झालं."

"मग?"

"मग काय, सोडंना झालाय. तुम्हास्नी ऐकीव म्हटलं तर म्हणतो, ती छानच म्हणंल. आणि तुम्ही ऐकल्याबिगर सोडायची छाती बी न्हाय त्याची. परवा म्हणाला, ह्यो बी मागल्यासारखा झाला आसंल तर बास, परत माईकला हात लावणार न्हाय. त्याला सोताला कळंना झालंय, आक्का, चांगला हाय का वाईट."

"तुला कसा वाटतोय?"

"मला काय इचारताय? मी वाजवलाय. मला भारीच वाटणार की."

त्याचं दळण काढून दिलं आणि मी गिरणी बंद केली. भर गर्दीत. बायका कलकलाट करायला लागल्या, म्हटलं बसा जरा, मरत न्हाय कोण. भाऊ घरी गाडी पुसत होता. मी पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"तुझा अल्बम ऐकायचाय मला."

"कशाला आक्का."

"चुकलं माझं," मी म्हणाले. हे दोन शब्द मी नवऱ्याला कधी म्हटले नाहीत, बापाला म्हटले नाहीत. "खोटं बोलले. तू घाबरला हुतास आणि तुझ्यापरास मी जास्त घाबरले हुते. आता न्हाय बोलणार."

त्यानं फडकं पिळलं, परत पिळलं. "वाईट आसंल तर वाईट म्हणशील?"

"शिव्या घालीन."

"आणि चांगलं आसंल तर?" म्हणाला. "चांगलं म्हणालीस तर मी कसं ओळखायचं, आक्का?"

मी नुसती "सोमवारी ये" म्हणाले आणि गिरणीवर परत आले.

सोमवारी आला. पोत्यावर स्पीकर ठेवला, स्वतः लांब, दारापाशी जाऊन बसला. मी दगडाला टाकी लावत होते. मी देवाला म्हणाले, वाईट असलं तर सांगायची ताकद दे, आणि शक्यतो वाईट नको असू दे.

आधी एकटी गिटार आली, कोरडी, मागं कसला घुमारा नाही. मग ड्रम. आणि मग तो आला. आई गं! कुठं गळ्याला जपणं नाही, कुठं पाय पुसणं नाही, सरळ पोटातनं उठलेला आवाज, आधीपेक्षा जाड, एका बाजूला किंचित खरखर असलेला, पण भरलेला. शब्द न शब्द कळत होता. पाळीच्या भोंग्यावर गाणं होतं. मध्ये ती जड जागा आली, सगळे एकदम थांबून एकेक ठोका टाकायला लागले, आणि माझी मान हलायला लागली. हातोडी कधी थांबली मला कळलं नाही. माझा जीव असा भांड्यात पडला की मला वाटलं आता उठून ह्याचा मुका घ्यावा.

"चांगलं हाय," मी म्हणाले.

"हं," तो म्हणाला आणि दुसरं लावलं.

दुसरंही चांगलं होतं. तसं सांगितलं. त्याचं तोंड आणखी उतरलं. तिसऱ्याला मी न राहवून ओरडले, "भारी झालंय रं!" तर म्हणतो, "बास कर आक्का." पाचव्यापर्यंत आमची अशी तऱ्हा झाली की गाणी चढत चालली होती, मी खुलत चालले होते आणि हा माणूस दारात बसून विझत चालला होता.

"आरं खरं सांगतीय!"

"मागल्या बारीला बी खरंच म्हणाली हुतीस."

म्हणाले होतेच. सहाव्या गाण्याला माझ्या मनात आलं, उगाच एखादी खोट काढावी, ड्रम जास्त झालाय म्हणावं, म्हणजे ह्याचा विश्वास बसेल. तोंडापर्यंत आलं होतं. मग म्हटलं, म्हणजे परत खोटंच की बाई! गिळलं. सातवं झालं, आठवं झालं. आठवं तर असं होतं की मी छिन्नी ठेवून नुसती बसून राहिले.

"शेवटचं," तो म्हणाला. माझ्याकडं न बघता लावलं. "तुझ्यावर हाय."

नुसती एक गिटार होती आणि तो सुरात, हळू गात होता. दवाखाना होता त्यात, पाटी होती, आणि एक बहीण होती. तिचा मायेचा हात, तिचे मऊ बोल, अंधारात तिनं धरलेला दिवा. ड्रमवाल्यानं मला आधीच सांगितलं होतं, शेवटचं ऐकून रडाल म्हणून. डोळे भरलेही माझे, खोटं कशाला बोलू. दोन वर्षांनी भाऊ आपणहून हात पुढं करत होता. एक हुंदका दिला असता, 'छान' म्हटलं असतं, तर सगळं तिथंच मिटलं असतं. आणि ते गाणं पोकळ होतं. त्यात दाणा नव्हता. मला ते ऐकू येत होतं आणि ऐकू येत नाही असं करता येईना.

"बंद कर," मी म्हणाले.

"काय झालं?"

"बंद कर आधी! कोण बाई हाय ही? मऊ बोल म्हणं! दवाखान्यात मी काय केलं हुतं आठवतंय का तुला? त्या वॉर्डबॉयची कॉलर धरली हुती मी! तू पाटीवर 'भ्या वाटतंय' लिहिलंस तवा पाटी हिसकून घेतली, म्हणाले, भिऊन काय गाठ इरघळणार हाय का? कुठला दिवा आणि कुठला मायेचा हात! जन्मात एकदाच तुझ्याशी मऊ बोलले, तर दोन वर्षं तोंड फिरवून बसलास! बेकार गाणं हाय. सपाट हाय. कुणाच्यातरी दुसऱ्याच्याच बहिणीवरचं हाय. काढून टाक, आणि परत माझ्यावर असलं काय लिहिलंस तर बघ!"

बोलून झालं आणि मला धाप लागली. तो माझ्याकडं बघत होता. मी मनात म्हटलं, संपलं. पोरानं इतक्या मायेनं केलेलं, आणि तू त्याच्या तोंडावर फेकून दिलंस. आता हा जन्मभर "बरं आक्का" म्हणत राहणार.

"लई बेकार हाय?" त्यानं विचारलं.

"लई."

"म्हणजे," तो म्हणाला, "बाकीची आठ?"

"बाकीची आठ चांगली हायत म्हणून मघाधरनं घसा फोडतीय की! कानात बोळं घातल्यात काय?"

तो उठला. दोन पावलं आला आणि मध्येच, पिठाच्या फरशीवर, फतकल मारून बसला. गुडघ्यांत डोकं घातलं. खांदे हलत होते. मला वाटलं रडतोय. जवळ गेले तर हसत होता, आणि रडतही होता, सगळं एकदमच चाललं होतं. "आठ चांगली हायत," म्हणाला. मी म्हणाले, "व्हय." "आक्का, आठ!" म्हणाला आणि पालथ्या हातानं नाक पुसलं, त्या हाताचं पीठ तोंडभर झालं.

मग खिशातनं फोन काढून ड्रमवाल्याला लावला. "उद्या सोडायचा," म्हणाला. "व्हय, उद्याच. आठ गाणी. नववं न्हाय. आरं, आक्का म्हणाली बेकार हाय! तेच, तिच्यावरचंच! दुसऱ्याच्या बहिणीवरचं हाय म्हणाली! सपाट म्हणाली! परत लिहिलंस तर बघ म्हणाली!" पलीकडनं ड्रमवाल्याची आरोळी मला इथपर्यंत ऐकू आली. त्याचं झाल्यावर भावानं गिटारवाल्याला लावला आणि त्यालाही सगळं पहिल्यापासनं सांगायला लागला, एक शब्द न गाळता, पोटातनं ओरडून, आणि मी त्याच्याशेजारी पिठात बसून माझ्याच शिव्या दुसऱ्यांदा ऐकत होते.